आधी थांबायचं, मग पळायचं
जुनी गाडी शर्यतीसाठी तयार करताना

आपल्या इंदूरला वेगवान गाड्यांचं वेड नवीन नाही. महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्ग कंपनीची ‘एस. जे.’ ही गाडी घेतली. इंजिन आणि सांगाडा अमेरिकेचा, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग यांची आणि रंग केशरी व काळा. आठ सिलिंडरचं जवळजवळ सात लिटरचं इंजिन, वर सुपरचार्जर, आणि कंपनीने सांगितलेली ताकद ३२० अश्वशक्ती. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर जवळपास ३.९ मीटर, म्हणजे आजच्या एखाद्या छोट्या गाडीच्या अख्ख्या लांबीपेक्षाही जास्त. आणि एवढ्या लांबीच्या गाडीत बसणार किती, तर प्रामुख्याने दोघं! ती गाडी आज अमेरिकेत आहे. माणिकबाग पॅलेस इंदुरात राहिला, त्यातल्या पुष्कळ वस्तू आणि गाड्या मात्र साता समुद्रापार गेल्या.

आमच्या देपालपूरच्या घरी अर्थातच ड्यूसेनबर्ग नाही. आमच्याकडे आहे ती आजोबांनी जुनी म्हणून विकत घेतलेली १९६६ सालची स्टँडर्ड हेरल्ड. वाड्याच्या मागच्या पडवीत ती कित्येक वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. आजोबा गेल्यावर तिचं काय करायचं हा प्रश्न घरात निघाला. एक गिऱ्हाईक तयार होतं. त्याला छप्पर काढून, सांगाडा कापून तिची ‘स्पोर्ट्स कार’ करायची होती. काकांचं म्हणणं, पैसे येताहेत तर देऊन टाकू. बाबांचं मन होईना. मी म्हटलं, शर्यतीसाठीच तयार करायची असेल तर आपणच करू, पण न कापता. गेली काही वर्षं शनिवार-रविवार इंदूरहून देपालपूरला जाऊन मी त्यात गुंतले आहे. या काळात जे समजलं, ते आपल्या समाजातल्या तरुण मंडळींना उपयोगी पडावं म्हणून हा लेख.

हेरल्ड आणि तिची धाकटी बहीण

‘हेरल्ड कुठे स्पोर्ट्स कार?’ असं कुणीही विचारेल, आणि ते बरोबरच आहे. ९४८ सी.सी.चं इंजिन, सुमारे ३५ अश्वशक्ती, आणि ताशी १००-११० किलोमीटरच्या पुढे तिचा जीव जातो. पण तिचं घराणं पाहा. ट्रायम्फ हेरल्ड इंग्लंडमध्ये १९५९ साली आली. तिचं रूप इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांनी आखलं. १९६१ पासून ती मद्रासजवळ स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीत बनू लागली. याच हेरल्डचा सांगाडा आखूड करून १९६२ साली ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन आसनी स्पोर्ट्स कार तयार झाली. त्या स्पिटफायरने १९६५ च्या ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीत आपल्या गटात पहिला क्रमांक मिळवला. म्हणजे आमच्या पडवीतल्या गाडीची धाकटी बहीण ल मां गाजवून आली होती.

दुसरी गोष्ट, आपल्याकडे शर्यती झाल्या त्या अशाच गाड्यांच्या. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर परदेशी गाड्यांच्या बरोबरीने हेरल्ड, फियाट आणि अँबेसेडरही धावल्या. फियाट बनवणाऱ्या मुंबईतल्या प्रीमियर कंपनीची स्थापना १९४४ साली सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी केली होती. आयात जवळजवळ बंद होती तेव्हा ज्याला शर्यतीची हौस, तो घरची गाडी घेऊन जायचा. त्यामुळे भारतातली ‘क्लासिक रेसिंग कार’ शोधायची तर राजवाड्याइतकंच आपल्या मागच्या पडवीतही पाहायला हवं.

हेरल्ड शिकाऊ माणसासाठी फार सोयीची. तिचा पुढचा सगळा भाग, मडगार्डांसकट, एका झटक्यात पुढे कलतो. चाकावर बसून इंजिनाचं काम करता येतं. सांगाडा वेगळा, बॉडी वेगळी, आणि बॉडीचे भाग एकमेकांना नट-बोल्टनी जोडलेले. छप्परसुद्धा बोल्टवरच बसवलेलं. म्हणूनच तिचं छप्पर काढून टाकायचा मोह लोकांना होतो.

जुन्या गाड्यांची शर्यत कशी असते

जगात याचे दोन ठळक प्रकार आहेत. पहिला, खरोखरची चाकाला चाक लावून धावण्याची शर्यत. इंग्लंडमध्ये गुडवुड नावाचा ट्रॅक १९४८ ते १९६६ या काळात वापरात होता. १९९८ पासून तिथे दरवर्षी ‘गुडवुड रिव्हायव्हल’ भरतं आणि त्याच काळातल्या प्रकारच्या गाड्या तिथे जिवाच्या आकांताने पळवल्या जातात. मोनॅकोतही १९९७ पासून जुन्या ग्रां प्री गाड्यांची शर्यत होते. अशा शर्यतींसाठी आंतरराष्ट्रीय मोटार संघटनेचे नियम आहेत. त्यांचं सार एवढंच की गाडी तिच्या काळात जशी धावत होती तशीच असावी. नवं तंत्र घालून तिला वेगवान करायचं नाही. फक्त सुरक्षेसाठी लागणारे बदल त्याला अपवाद.

दुसरा प्रकार म्हणजे नेमकेपणाची रॅली. इथे सर्वांत आधी पोचणारा जिंकत नाही, ठरलेल्या सरासरी वेगाने ठरलेल्या सेकंदाला पोचणारा जिंकतो. इटलीची प्रसिद्ध मिल्ले मिलिया १९२७ ते १९५७ या काळात खऱ्या वेगाची शर्यत होती, सार्वजनिक रस्त्यावर सुमारे १६०० किलोमीटरची. १९५७ साली एका फेरारीचं टायर भर वेगात फुटलं. चालक, सहचालक आणि रस्त्याकडेचे प्रेक्षक, त्यात लहान मुलंही, मरण पावले आणि शर्यत बंद झाली. १९७७ मध्ये ती पुन्हा सुरू झाली ती नेमकेपणाची रॅली म्हणून. एका टायरने त्या शर्यतीचा स्वभावच बदलला.

आपल्या देशात जुन्या गाड्यांसाठी मुख्यतः रॅली आणि प्रदर्शनं भरतात. दिल्लीची स्टेट्समन रॅली तर १९६४ पासूनची. ट्रॅकवरच्या शर्यतींसाठी फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया या संस्थेचं लायसन्स आणि तिचे सुरक्षा नियम लागतात. आपण गाडी कशासाठी तयार करतो आहोत, हे पाना हातात घेण्याआधी ठरवावं लागतं. कारण दोन्हींच्या वाटा फार लवकर वेगळ्या होतात. त्या नेमक्या कुठे वेगळ्या होतात हे कागदपत्रांत पाहायला मिळतं.

कागद आधी

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. ५० वर्षांपेक्षा जुनी दुचाकी किंवा चारचाकी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क, ती दहा वर्षं चालते आणि पुढच्या नोंदणीला ५ हजार रुपये. नव्याने नोंद झालेल्या गाडीच्या नंबरात ‘व्ही ए’ ही अक्षरं येतात. आधीपासून नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला नेता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढायची.

यातली सर्वांत महत्त्वाची अट शेवटी सांगते. गाडी मूळ रूपात असली पाहिजे. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा.

आता विचार करा. चाकाला चाक लावून धावायचं तर माणसाच्या जिवासाठी लोखंडी पाइपांचा पिंजरा गाडीत घालावा लागतो, आणि तो मजबूत हवा तर सांगाड्याला वेल्ड करावा लागतो. इंजिनाची ताकद वाढवायची तर तेही बदलतं. असं केल्यावर ‘मूळ रूप’ कुठे राहिलं? म्हणजे एकच गाडी पूर्ण रेसिंग कारही व्हावी आणि सरकारदरबारी विंटेजही राहावी, हे जमणं कठीण. एकतर ट्रॅक, नाहीतर वारसा. त्या गिऱ्हाइकाने छप्पर कापून जी गाडी बनवली असती ती दोन्हीकडून गेली असती. ती ना जुनी राहिली असती ना सुरक्षित झाली असती.

आम्ही घरात बसून ठरवलं की नेमकेपणाच्या रॅलीसाठी गाडी तयार करायची आणि एकच नियम पाळायचा. केलेला प्रत्येक बदल उलटा करता आला पाहिजे. सांगाड्याला नवं भोक नाही, नवं वेल्डिंग नाही. काढलेला प्रत्येक मूळ सुटा भाग, मोडका असला तरी, चिठ्ठी लावून खोक्यात ठेवायचा. सॉफ्टवेअरच्या कामात आम्ही काहीही बदलण्याआधी जुनी प्रत जपून ठेवतो, त्याचीच ही सवय. आज पडवीत अशी अकरा खोकी आहेत आणि आईच्या मते ती अकराही भंगार आहेत.

कागदांची आणखी एक गोष्ट. गाडी आजोबांच्या नावावर होती, त्यामुळे बाबा, काका आणि आत्या या तिघांची संमती लागली. ज्यांच्या घरी अशी गाडी असेल त्यांनी हे काम आजच करून घ्यावं. वारस तीन असताना सह्या मिळतात. तिसऱ्या पिढीत वारस अकरा होतात आणि त्यातले चार परदेशात असतात.

पहिलं काम: थांबणं

इंजिन सुरू होताच आपल्याला वाटतं, झाली गाडी. आमचे उस्ताद सत्तरीच्या घरातले. त्यांनी तरुणपणी इंदुरात हेरल्डवर हात मारलेला. पहिल्या दिवशी इंजिनकडे बघायलाही ते तयार नव्हते. ‘पहले रोकना सीखो बेटा, भगाना तो सबको आता है,’ एवढंच म्हणाले आणि चाकं काढायला लागले.

त्यांच्या बोलण्यामागचं गणित मी घरी येऊन केलं. हेरल्डचं वजन साधारण ८०० किलो. ती ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असेल तर तिच्यात सुमारे ३०९ किलोज्यूल ऊर्जा असते. एक लिटर पाणी घरातल्या तापमानापासून उकळीपर्यंत आणायला जवळजवळ एवढीच ऊर्जा लागते. म्हणजे एकदा पूर्ण ब्रेक मारला की चार ड्रमांत मिळून एक लिटर पाणी उकळेल इतकी उष्णता तयार होते. घाटात उतरताना हे पुन्हापुन्हा होतं. ड्रम तापून फुगतात, लायनिंगची पकड सुटते आणि पाय दाबला तरी गाडी पुढे जातच राहते. महूहून महेश्वरकडे जाणारा जाम घाट उतरताना पुढच्या ट्रकच्या ब्रेकचा वास ज्यांनी घेतलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

शिवाय वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. म्हणून इंजिन आणि ब्रेक दोन्ही बरे करायचे असतील तर आधी ब्रेक.

हेरल्डसारख्या त्या काळच्या गाड्यांत ब्रेक ऑइलची सगळी व्यवस्था एकाच मार्गावर असते. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. त्यामुळे नळ्या ‘बघून ठीक वाटल्या’ म्हणून ठेवायच्या नाहीत. लोखंडी नळ्या, रबरी नळ्या, मास्टर सिलिंडर आणि चाकांच्या सिलिंडरांतले रबर, सगळं नवं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. त्यात पाणी मिसळलं की ते लवकर उकळतं आणि पेडल स्पंजासारखं मऊ लागतं. तेव्हा तेही ठरावीक काळाने बदलायचं.

एक इशारा. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टस असू शकतं. ड्रम उघडल्यावर आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची गॅरेजमधली पद्धत इथे फार घातक आहे. मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका.

दुसरं काम: वळणं

या गाडीत आमच्या जिवावरचं जे होतं ते इथे सापडलं. हेरल्डच्या पुढच्या प्रत्येक चाकाला खालच्या बाजूला ट्रनियन नावाचा पितळी रंगाचा एक भाग असतो. त्यात एक उभा लोखंडी दांडा आट्यांवर फिरतो. स्टिअरिंग वळवलं की चाक याच आट्यांवर वळतं. याला ग्रीस चालत नाही, गिअरबॉक्समध्ये घालतात तसलं ई. पी. ९० ऑइल लागतं. ग्रीस आट्यांच्या आतपर्यंत नीट पोचत नाही, सुकून घट्ट होतं. मग पाणी शिरतं, दांडा आतून गंजतो आणि एक दिवस मोडतो. तेव्हा चाक गाडीखाली दुमडतं.

आमच्या गाडीत कुठल्याशा गॅरेजने वर्षानुवर्षं ग्रीसच भरलं होतं. डावा दांडा काढला तर गंजाने त्याची जाडी एका जागी निम्मी झालेली. बाहेरून काहीही दिसत नव्हतं. उस्तादांनी तो दिव्यासमोर धरला, बाबांना बोलावलं आणि त्यांच्या हातात दिला. बाबा लहान असताना याच गाडीत मागच्या सीटवर बसून सगळे उज्जैनला जायचे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘हा खोक्यात नको टाकूस, माझ्या टेबलावर ठेव.’ तिथेच आहे तो अजून.

ट्रायम्फच्या गाड्या जगभर जपल्या जातात, त्यामुळे हे भाग आजही नवे बनतात आणि इंग्लंडहून मागवता येतात. गाडी घेण्याआधी हाच प्रश्न विचारावा, सुटे भाग मिळतात का? फार दुर्मीळ गाडीपेक्षा भाग मिळणारी साधी गाडी केव्हाही चांगली.

मागच्या चाकांची गोष्ट वेगळी. हेरल्डचा मागचा अर्धा अर्धा अ‍ॅक्सल दरवाज्यासारखा एका बाजूने वर-खाली झुलतो. वळणावर वेगात असताना घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय एकदम काढला की गाडीची मागची बाजू उचलली जाते, मागची चाकं आत दुमडल्यासारखी होतात आणि गाडी घसरते. स्पिटफायरमध्ये हा दोष १९७० च्या सुमाराला कमानपाट्यांची रचना बदलून बराच कमी केला गेला. आम्ही रचना बदलली नाही. नव्या पाट्या, नवे शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि चालवणाऱ्याने लावून घ्यायची एक सवय एवढ्यावर भागवलं. वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात नाही.

टायरच्या बाबतीत नक्षी किती उरली यापेक्षा वय पाहा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष सांगतात. पडवीत उभ्या राहिलेल्या गाडीचं टायर नव्यासारखं दिसतं आणि आतून वाळलेलं असतं. मिल्ले मिलिया कशामुळे बंद पडली हे आठवलं तरी पुरे.

तिसरं काम: चालणं

इंजिनचा क्रमांक आता लागतो. आम्ही ताकद वाढवली नाही, फक्त विश्वास बसेल असं केलं. ट्रायम्फच्या इंजिनची एक जुनी खोड आहे. क्रँकशाफ्ट मागे-पुढे सरकू नये म्हणून बसवलेल्या अर्धगोल चकत्या झिजून खाली पडतात, आणि मग इंजिनचा ठोकळाच खराब होतो. तपासणी सोपी आहे. एकाने क्लच दाबायचा आणि दुसऱ्याने समोर बसून क्रँकची पुली पाहायची. ती डोळ्यांना दिसेल इतकी सरकली तर इंजिन सुरूच करू नका. हे काम आमच्याकडे भाच्याने केलं. तो नववीत आहे आणि तेव्हापासून फीलर गेज त्याच्या खिशात असते.

पेट्रोलचे दोन प्रश्न येतात. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झालं. जुन्या इंजिनांत तेच शिसं व्हॉल्व्हच्या बैठकी झिजू देत नव्हतं. सततच्या वेगासाठी गाडी तयार करायची तर सिलिंडर हेडमध्ये कडक धातूच्या बैठकी बसवून घ्याव्यात. दुसरा प्रश्न २० टक्के इथेनॉलचा. जुनं रबर त्याने फुगतं, मऊ पडतं, आणि गरम इंजिनवर पेट्रोल टपकलं तर काय होईल ते सांगायला नको. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घाला आणि गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा.

वायरिंगमध्ये बॅटरीचा मुख्य कट-ऑफ स्विच हवाच. अग्निशामक सिलिंडर हाताला येईल असा, क्लिपने घट्ट बसवलेला. सीट बेल्ट मूळ गाडीत नव्हते. ते आम्ही सांगाड्यावर आधीच असलेल्या बोल्टच्या जागा वापरून, मजबूत पट्टी देऊन बसवले. मूळपणाच्या नियमाला एवढी एकच सूट आम्ही बिनचर्चेने दिली. उद्या कुणाला शंभर टक्के मूळ गाडी हवी असेल तर त्याने चार बोल्ट काढावेत.

रंग मात्र जसा होता तसाच आहे, फिका आणि दाराजवळ उडालेला. खर्चाचं पान मी चार रकान्यांत ठेवते: थांबणं, वळणं, चालणं, दिसणं. आधीचा रकाना पूर्ण झाल्याशिवाय पुढच्यात पैसा टाकायचा नाही. बहुतेक लोक चौथ्यापासून सुरुवात करतात. म्हणून चकचकीत गाड्या रॅलीच्या पहिल्याच चढावर उभ्या दिसतात.

रॅलीचं गणित

नेमकेपणाच्या रॅलीत चालकाइतकंच महत्त्व शेजारी बसणाऱ्या दिशादर्शकाला. समजा १८ किलोमीटर अंतर ताशी ४० च्या सरासरीने कापायचं आहे. म्हणजे बरोबर २७ मिनिटं. वाटेत बैलगाडी, फाटक, म्हशी जे काही येईल ते धरून. लवकर पोचलात तरी गुण कापले जातात.

त्यात जुन्या गाडीचा मीटर खोटं बोलतो. टायरचा आकार थोडा बदलला तरी आकडा बदलतो. आधी मैलाचे दगड धरून १० किलोमीटर चालवायचं. मीटरने १०.४ दाखवले, तर त्या १८ किलोमीटरला मीटरवर १८.७२ दिसले पाहिजेत. आम्ही हे देपालपूर-हातोद रस्त्यावर भल्या पहाटे करतो. मी चालवते, बाबा वहीत लिहितात. मी मोबाइलवर चालणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. बाबांनी तो दोनदा वापरला आणि मग म्हणाले, पाढे येत असताना हे कशाला? आता वहीच चालते.

आपल्या भागात हे का व्हावं

देपालपूरहून बेटम्यामार्गे पीथमपूर फार लांब नाही. तिथे ‘नॅट्रॅक्स’ हे वाहन चाचणी केंद्र आहे. त्याच्या ११.३ किलोमीटर लांबीच्या, १६ मीटर रुंद वेगवान ट्रॅकचं उद्‌घाटन २९ जून २०२१ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांच्या हस्ते झालं. या प्रकारचा आशियातला हा सर्वांत लांब ट्रॅक. तो आपल्या हौसेसाठी नाही, कंपन्यांच्या चाचण्यांसाठी आहे. पण गाड्यांची परीक्षा घेणारे अभियंते, तंत्रज्ञ आणि पीथमपूरच्या कारखान्यांतले कुशल हात आपल्या शेजारी आहेत. आणि दुसऱ्या बाजूला आमच्या उस्तादांसारखे जुने हात आहेत, ज्यांना कार्ब्युरेटर कानाने लावता येतो. या दोघांची गाठ पडायला फार वर्षं उरलेली नाहीत. उस्तादांच्या मुलाने मोबाइलचं दुकान टाकलं आहे. मी त्यांचं काम व्हिडिओत घेऊन ठेवते, कारण त्यांचं ज्ञान कुठल्याही पुस्तिकेत लिहिलेलं नाही.

धाडसाची तर आमच्या भागाला कमतरताच नाही. आमच्याच तहसिलीतल्या गौतमपुऱ्यात दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी हिंगोट खेळतात, पेटते हिंगोट एकमेकांवर फेकतात. पण तिथेही उतरणाऱ्याच्या हातात ढाल असतेच. गाडीचंही तसंच समजा.

तरुण मंडळींना एवढंच सांगेन की सुरुवात करायला गाडी लागत नाही. जवळच्या रॅलीत वेळ नोंदवणारे स्वयंसेवक नेहमीच कमी पडतात, तिथे उभे राहा. एखाद्या उस्तादाकडे महिनाभर नुसते पाने द्या-घ्या. आणि घरच्या पडवीत, शेतातल्या गोठ्यात, मामाच्या अंगणात ताडपत्रीखाली काही उभं असेल तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी तीन गोष्टी बघा: कागद कुणाच्या नावावर आहेत, सांगाडा गंजून गेला आहे का, आणि सुटे भाग मिळतात का. तिन्हींची उत्तरं बरी आली तर गाडी ठेवा.

आमची हेरल्ड अजून एकाही मोठ्या रॅलीत उतरलेली नाही. ब्रेकची शेवटची चाचणी पुढच्या महिन्यात जाम घाटात आहे. उतरताना उस्ताद शेजारी बसणार आहेत आणि आईनेही येते म्हणून सांगितलं आहे. मात्र तिची अट अशी की ती मागून दुसऱ्या गाडीने येणार.